वस्तू विकता, तर तिचा पानाही द्या

विसाव्या शतकातल्या अमेरिकी पोलिसाच्या कमरेला जे रिव्हॉल्व्हर सर्रास दिसे, ते स्मिथ अँड वेसन कंपनीचे ‘मॉडेल १०’. १८९९ मध्ये ते ‘मिलिटरी अँड पोलिस’ या नावाने बाजारात आले, १९५७ मध्ये त्याला हा क्रमांक मिळाला आणि आजवर त्याचे लाखो नग तयार झाले. इतक्या मोठ्या संख्येने बनलेली वस्तू उघडून साफ करणे सोपे असेल, असे कोणालाही वाटेल. अर्धे काम सोपे आहेच. शस्त्र रिकामे असल्याची खात्री करायची, उजव्या बाजूचा पुढचा एक स्क्रू काढायचा, की गोळ्यांचे सिलिंडर आणि ते ज्या हातावर बाहेर झुलते तो हात, दोन्ही पुढे सरकून सुटे होतात. अडते ते यापुढे.

सिलिंडरच्या मधोमध एक बारीक दांडी असते. बार झाल्यावर रिकामी काडतुसे मागे ढकलून बाहेर टाकण्याचे काम तिचे. तिला इजेक्टर रॉड म्हणतात. वर्षानुवर्षे जळलेल्या दारूची काजळी आणि सुकलेले तेल आत साचून सिलिंडर जड फिरू लागले, की ही दांडी आट्यांवरून फिरवून काढल्याशिवाय आतली सफाई होत नाही. दांडी पेन्सिलीहून बारीक. टोकाला बोटांची पकड बसावी म्हणून कोरलेली खरखरीत नक्षी, बाकी अंग गुळगुळीत. तिला षटकोनी डोके नाही, स्क्रूसारखी खाच नाही. पाना लावायचा कुठे, हे पाहणाऱ्याला कळत नाही आणि हात आपोआप पकडीकडे जातो.

मग जे व्हायचे ते होते. पकडीचे दात नक्षी खातात. जोर एका बाजूने पडतो आणि दांडी केसभर वाकते. डोळ्यांना हे वाकणे दिसतही नाही, पण सिलिंडर परत बसवून फिरवले की दांडीचे टोक डुगडुगते, फिरताना एका ठरावीक जागी अडखळते आणि चाप एका बाराला हलका तर दुसऱ्याला जड लागतो. साफसफाईसाठी उघडलेले यंत्र बिघडून परत बंद होते.

दुसरा सापळा दिशेचा आहे. १९६०च्या सुमारापर्यंत या दांडीचे आटे सरळ होते. पण स्मिथ अँड वेसनचे सिलिंडर मागून पाहता डावीकडे फिरते. त्या फिरण्याने आणि बाराच्या धक्क्यांनी सरळ आट्यांची दांडी हळूहळू सैल होऊन पुढे सरके आणि तिचे टोक नळीखालच्या खिट्टीत अडकून बसे. मग सिलिंडर उघडेच ना. रिव्हॉल्व्हर हातात, गोळ्या संपलेल्या, आणि नव्या भरता येत नाहीत. पोलिसासाठी याहून वाईट प्रसंग नाही. म्हणून कंपनीने आटे उलटे केले. निर्णय योग्यच होता. पण बाहेरून पाहता जुनी दांडी आणि नवी दांडी यांतला फरक नवख्याला चटकन कळत नाही. ज्याला हा इतिहास ठाऊक नाही, तो दांडी सोडवायला म्हणून जोर लावतो आणि प्रत्यक्षात ती आवळत जातो. जुन्या मॉडेलांत काडतुसे ओढणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या चकतीला इवल्या खिळ्यांचा आधार असतो. हा सगळा पीळ त्या खिळ्यांवर येतो.

जाणकार बंदूक-कारागीर काय करतो? तो आधी सिलिंडरच्या सगळ्या घरांत झाडलेली रिकामी काडतुसे घालतो, म्हणजे चकतीला सगळीकडून टेकू मिळतो आणि खिळ्यांवर भार येत नाही. मग दांडीच्या मापाचे भोक असलेला, दोन तुकड्यांचा धातूचा ठोकळा दांडीभोवती बसवून व्हाईसमध्ये आवळतो. दांडी चहूबाजूंनी सारखी धरली जाते. सिलिंडर हाताने फिरवायचे, दिशा आधी तपासून. दांडी ओरखडाही न येता सुटते. हा ठोकळा म्हणजे काही फार मोठे यंत्र नव्हे. खिशात मावणारा धातूचा तुकडा. तो हाताशी असणे आणि नसणे यावर साठ वर्षे जुन्या, उत्तम स्थितीतल्या यंत्राचे पुढचे आयुष्य ठरते.

हा ठोकळा रिव्हॉल्व्हरच्या डब्यात मिळत नाही. आणि प्रश्न फक्त रिव्हॉल्व्हरचा नाही. जो उत्पादक वस्तू विकतो, त्याने ती नेहमीच्या अवजाराने उघडेल अशी बनवावी. ते शक्य नसेल तर लागणारे खास अवजार सोबत द्यावे किंवा वाजवी किमतीत कोणालाही मिळेल असे ठेवावे. आणि आटे कोणत्या दिशेने सुटतात हे वस्तूवरच कोरावे. अवजार दडवून ठेवल्याने लोक वस्तू उघडायचे थांबत नाहीत. ते पकड, छिन्नी आणि हातोडी घेऊन उघडतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. भारतात शस्त्राची दुरुस्ती हे घरी करण्याचे काम नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार दुरुस्तीसाठीही परवाना लागतो आणि ते योग्यच आहे. परवानाधारकाने नळी पुसावी, तेलाचा हात फिरवावा. खोलून पाहण्याचे काम परवाना असलेल्या कारागिराचे. कारागिराला मात्र योग्य अवजार मिळायला हवे, आणि मालकाला आपल्या वस्तूत काय आहे हे कळायला हवे. कोकणात शेतीसंरक्षणासाठी परवाना घेऊन बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत. रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून पीक राखायचे असते. निवडणूक आली की या बंदुका पोलिस ठाण्यात जमा होतात आणि तिथल्या दमट हवेत पडून राहतात. परत मिळतात तेव्हा स्क्रू गंजून बसलेले असतात. अशा वेळी गावातला लोहार हाताला येईल ते घेऊन कामाला लागला, तर दोष फक्त त्याचा म्हणता येणार नाही.

शस्त्रे बनवणाऱ्यांना हे भान एकेकाळी चांगले होते. सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले. त्याच्या कारखान्याचे १८५१चे ‘नेव्ही’ मॉडेल घ्या. नळी आणि सांगाडा यांना जोडणारी एक आडवी पाचर असे. लाकडी हातोडीने ती हलकेच ठोकून बाहेर काढली, की नळी सुटे आणि सिलिंडर कण्यावरून सरकून हातात येई. पण त्या काळच्या रिव्हॉल्व्हरला सिलिंडरच्या मागे प्रत्येक घरासाठी एक बोंडी असे, जिच्यावर ठिणगी पाडणारी टोपी बसे. त्या टोप्यांतल्या रसायनाने बोंड्या गंजत. त्या काढायला खास पाना लागे. म्हणून पेटीसह विकलेल्या कोल्टमध्ये दारूची कुपी आणि गोळ्या ओतायचा साचा यांच्या शेजारी एक काटकोनी अवजार असे. त्याचे एक टोक बोंडीचा पाना, दुसरे स्क्रू ड्रायव्हर. ही पेटी विकत घेणारा माणूस कारखान्यापासून हजारो मैलांवर जाणार, तिथे दुरुस्तीला कोणी नसणार, हे विकणाऱ्याने गृहीत धरले होते.

१८७३च्या ‘सिंगल ॲक्शन आर्मी’त सिलिंडरचा कणा आधी एका स्क्रूने धरलेला असे. पुढे १८९०च्या दशकात त्या स्क्रूच्या जागी स्प्रिंगची आडवी कळ आली. बोटाने दाबा, कणा ओढा, सिलिंडर बाहेर. रशियाचे १८९५चे नागां रिव्हॉल्व्हरही असेच: काडतुसे काढायची दांडी पुढे ओढून फिरवली की सिलिंडर सुटते आणि हातात एकही अवजार लागत नाही.

ब्रिटिशांच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरची युक्ती आणखी साधी होती. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये आलेल्या ‘मार्क सहा’मध्ये सिलिंडर धरून ठेवणाऱ्या तरफेच्या स्क्रूची खाच मुद्दाम रुंद ठेवलेली आहे. खिशातल्या नाण्याने तो स्क्रू फिरवता येतो. खंदकातल्या चिखलात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याकडे स्क्रू ड्रायव्हर नसेल, पण खिशात एखादे नाणे असेल, इतका विचार आराखडा करणाऱ्याने केला होता. या घराण्याची खूण भारतातही आहे: कानपूरच्या आयुध निर्माणीत बनलेले .३२ बोअरचे, बिजागरीवर वाकून उघडणारे रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच आराखड्यावर बेतलेले आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत रुगर कंपनीने ‘सिक्युरिटी सिक्स’ आणले, तेही नाण्याने खोलता येईल असे. तिच्या पुढच्या ‘जीपी १००’मध्ये तर घोड्याची स्प्रिंग दाबून धरण्यासाठी लागणारी छोटी खीळ मुठीच्या आतच ठेवून दिलेली असते.

म्हणजे हे जमते. तंत्र अवघड आहे म्हणून अवजार देता येत नाही, ही सबब टिकत नाही.

स्क्रूचीच गोष्ट घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या ‘मायनस’ स्क्रू ड्रायव्हरचे पाते टोकाकडे निमुळते होत जाते. ते खाचेत घातले की फक्त खाचेच्या वरच्या कडांना टेकते, तळाशी पोकळी राहते. जोर लावला की पाते वर चढते, खाचेचे ओठ फाटतात आणि बाजूच्या पॉलिशवर चरा जातो. बंदूक-कारागीर वापरतात त्या ड्रायव्हरच्या पात्याच्या दोन्ही बाजू टोकाला समांतर घासलेल्या असतात. ते खाचेत तळापर्यंत बसते आणि भिंतींना पूर्ण टेकते. शिवाय रुंदीही स्क्रूच्या डोक्याइतकीच हवी. अमेरिकेच्या आयोवा राज्यात १९३९ मध्ये सुरू झालेल्या ब्राउनेल्स या कंपनीने बंदूक-कारागिरांच्या अशा अवजारांवर मोठा व्यवसाय उभा केला, कारण बंदूक बनवणाऱ्या कंपन्यांनी ती जागा मोकळी सोडली होती. जुन्या शस्त्रांचे संग्राहक आजही सर्वांत आधी स्क्रूंची डोकी पाहतात. फाटलेली खाच दिसली की आत कोणीतरी अनाडीपणाने हात घातला आहे हे त्यांना कळते आणि किंमत तिथेच उतरते.

स्मिथ अँड वेसनच्या बाजूच्या पाटीचेही असेच. तिचे स्क्रू काढल्यावरही पाटी जागची हलत नाही, इतकी ती नेमकी बसवलेली असते. सांध्यात नखही जात नाही. नवखा माणूस त्या सांध्यात ड्रायव्हरचे टोक खुपसून पाटी उचकटतो आणि कडेला कायमचा टवका पाडतो. माहितगार ड्रायव्हर बाजूला ठेवतो, रिव्हॉल्व्हर आडवे धरतो आणि मुठीच्या उघड्या लोखंडावर लाकडी मुठीने हलके ठोके देतो. त्या कंपनाने पाटी आपण होऊन वर येते. इथे लागणारे अवजार लाकडाची मूठ आहे. अडसर फक्त माहितीचा आहे, आणि ती माहिती पुस्तिकेत दोन ओळींत मावते.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही दुचाकीच्या गॅरेजात हाच प्रकार वेगळ्या रूपात रोज घडतो. ‘प्लस’ स्क्रू सगळे एकसारखे दिसतात, पण ते एकसारखे नसतात. अमेरिकेच्या हेन्री फिलिप्सने १९३०च्या दशकात जो चौफुलीचा स्क्रू रूढ केला आणि जो कॅडिलॅक मोटारींच्या जुळणीत आधी वापरला गेला, त्याचा मोठा गुण म्हणजे यंत्राचा ड्रायव्हर त्यात आपोआप मध्यभागी बसतो. जुळणीच्या पट्ट्यावर भराभर स्क्रू मारणाऱ्याची ती सोय होती. वर्षांनंतर तो काढणाऱ्याची नव्हे. जपानने आपल्या मानकानुसार चौफुलीचा आकार थोडा वेगळा ठेवला. फिलिप्सचा ड्रायव्हर त्यात पूर्ण उतरत नाही, वर राहतो आणि जोर लावताच निसटतो. आपल्याकडे १९८०च्या दशकात जपानी आराखड्याच्या मोटारसायकली आल्या. सोबत असे स्क्रूही आले. कार्बोरेटरच्या वाटीचे आणि इंजिनाच्या झाकणाचे स्क्रू मेकॅनिकने हाताशी असलेल्या ड्रायव्हरने फिरवले आणि डोकी गेली. मग छिन्नी लावून हातोडीने ठोकत स्क्रू फिरवायचा, किंवा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणायचा. अशा अनेक जपानी स्क्रूंच्या डोक्यावर एक इवलासा ठिपका असतो. तीच त्याची खूण. कितीतरी कुशल हातांनी आयुष्यभर हे स्क्रू काढले, पण त्या ठिपक्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितला नाही.

याउलट टेबल फॅनकडे पाहा. त्याच्या पात्यावरचे बोंड उलट्या आट्यांचे असते, म्हणजे फिरण्याने ते सैल होऊ नये. अनेक पंख्यांच्या त्या बोंडावर दिशेचा बाण कोरलेला असतो. बाणाला खर्च काहीच येत नाही, आणि दर उन्हाळ्यापूर्वी घरोघरी पंखे खोलून, पाती धुऊन, परत बसवली जातात. घरातले कोणीही हे काम करते.

मोबाइल फोनच्या बाबतीत उत्पादकांनी हा मार्ग जाणूनबुजून सोडला. आयफोन ४ बाजारात आला तेव्हा त्याच्या तळाशी साधे चौफुलीचे स्क्रू होते. २०११च्या सुरुवातीला दुरुस्तीचे ज्ञान खुले करणाऱ्या आयफिक्सिट या अमेरिकी कंपनीने दाखवून दिले, की त्यांच्या जागी पाच पाकळ्यांचे पेंटालोब स्क्रू येऊ लागले आहेत, ज्यांचा ड्रायव्हर तेव्हा बाजारात सहज मिळत नव्हता. त्या बदलाने फोन अधिक मजबूत झाला नव्हता. तो फक्त मालकाला उघडता येईनासा झाला होता. आज तो ड्रायव्हर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही सहज मिळतो, म्हणजे कुलूप टिकले नाहीच. मधल्या काळात कितीतरी फोनच्या स्क्रूंची डोकी मात्र फाटली. २०२२ मध्ये ॲपलने अमेरिकेत ग्राहकांना दुरुस्तीचे सुटे भाग द्यायला सुरुवात केली, तेव्हा अवजारांचा संच आठवड्याला ४९ डॉलर भाड्याने देऊ केला. दोन पेट्यांतल्या त्या संचाचे वजन सुमारे ३६ किलो होते. दुरुस्तीची पुस्तिका मोफत दिली हे चांगले केले. पण एक बॅटरी बदलायला ३६ किलोंची सामग्री लागत असेल, तर चूक आराखड्यात आहे.

आता तर अवजार लोखंडाचेही राहिलेले नाही. मोटारीत किंवा ट्रॅक्टरमध्ये बिघाडाचा संकेत वाचायला सॉफ्टवेअर लागते आणि ते अनेकदा कंपनीच्या अधिकृत केंद्रातच असते. जॉन डीअरच्या ट्रॅक्टरवरून अमेरिकी शेतकरी वर्षानुवर्षे हेच भांडण भांडत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने या मुद्द्यावर कंपनीविरुद्ध खटला भरला. याच कंपनीचे ट्रॅक्टर पुण्याजवळ सणसवाडीतही बनतात, तेव्हा हा प्रश्न आपल्या शेताच्या बांधापर्यंत आलेलाच आहे. पेरणीच्या चार दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला तर तालुक्याच्या गावचा मेकॅनिक समोर असून हतबल ठरतो.

भारतात या विषयावर एक भक्कम निकाल होऊन गेला आहे, हे फारसे लक्षात ठेवले जात नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण असे, की अस्सल सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची अवजारे या कंपन्या खुल्या बाजारात मिळू देत नव्हत्या, त्यामुळे ग्राहकाला त्यांच्याच केंद्रात जाणे भाग पडत होते. आयोगाने अवजारांचा उल्लेख स्वतंत्रपणे केला हे महत्त्वाचे. प्रकरण पुढे न्यायालयांत गेले आणि रेंगाळले. रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याच्या हाती त्यातून काय आले, याचे समाधानकारक उत्तर देणे कठीण आहे.

कंपन्यांचा मुख्य आक्षेप सुरक्षिततेचा असतो आणि तो पोकळ नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनची वायर काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका विद्युतभार राहू शकतो. रिव्हॉल्व्हरमध्ये तर चुकीला जागाच नाही. सिलिंडरचे प्रत्येक घर बाराच्या क्षणी नळीच्या अगदी समोर यावे लागते. थोडे जरी तिरके राहिले तर गोळी नळीच्या तोंडाशी घासून शिशाचे तप्त कण बाजूला उडतात. म्हणूनच दुरुस्तीला परवाना लागतो. पण ज्याला परवाना आहे त्यालाही ठोकळा मिळत नसेल, तर सुरक्षितता वाढते की घटते? वाकलेली दांडी बसवलेले रिव्हॉल्व्हर हे नीट खोलून साफ केलेल्या रिव्हॉल्व्हरपेक्षा धोक्याचेच. कोणी काय दुरुस्त करावे हे ठरवणे कायद्याचे काम आहे. ते काम एखाद्या विचित्र आकाराच्या स्क्रूवर सोपवले, तर तो स्क्रू जबाबदार कारागीर आणि उचापती माणूस यांत भेद करत नाही. गुन्ह्यासाठी शस्त्र वापरणारा तर दांडी सफाईने काढण्याची वाट पाहत बसत नाहीच.

या बाबतीत युरोपने नेमकी भाषा वापरली आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही अशा काही वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापावे लागू लागले. वस्तू किती टप्प्यांत आणि कोणत्या अवजारांनी उघडते, याचे त्यात स्वतंत्र गुण आहेत. युरोपीय संघाचा २०२३चा बॅटरी नियम त्याहून पुढे गेला. फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, उपकरणातली छोटी बॅटरी ग्राहकाला बाजारात मिळणाऱ्या साध्या अवजाराने काढता आली पाहिजे. खास अवजार लागणारच असेल तर ते उपकरणासोबत मोफत दिले पाहिजे. कोल्टच्या पेटीतले ते काटकोनी अवजार आता कायद्याने परत येत आहे.

आपल्याकडेही हालचाल आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची यंत्रे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टल सुरू झाले. २०२५ मध्ये मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्तीसुलभतेच्या निर्देशांकाचा अहवाल सरकारला सादर झाला. दिशा बरोबर आहे, पण शेतीची यंत्रे आणि वाहने मागे पडता कामा नयेत. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने फोनच्या पडद्यापेक्षा पाण्याचा पंप, फवारणीचे यंत्र आणि ट्रॅक्टर यांची दुरुस्ती जास्त निकडीची आहे. निर्देशांकात खास अवजाराला वजन द्यायचे असेल, तर ते भरपूर द्यावे: नेहमीच्या अवजाराने उघडणाऱ्या वस्तूला पूर्ण गुण, अवजार सोबत देणाऱ्याला त्याखालोखाल, आणि अवजार फक्त अधिकृत केंद्रात ठेवणाऱ्याला शून्य. हे गुण पोर्टलवर ठेवून भागणार नाही. दुकानात, खोक्यावर, किमतीच्या शेजारी ते छापलेले हवेत.

आणखी एक काम राज्य सरकारला दिल्लीची वाट न पाहता करता येण्यासारखे आहे. महाराष्ट्रातल्या आयटीआयमधून फिटर, मोटार मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक ही मुले बाहेर पडतात. ज्या कंपन्या राज्यात वाहने, ट्रॅक्टर, पंप बनवतात आणि त्यासाठी जागेच्या, करांच्या सवलती घेतात, त्यांनी आपल्या प्रत्येक मॉडेलचे खास पुलर, पाने आणि बिघाड शोधणारे सॉफ्टवेअर या संस्थांच्या कार्यशाळांत ठेवावे, त्याची पुस्तिका मराठीत द्यावी आणि तीच अवजारे मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात वाजवी दरात विकायला ठेवावीत, अशी अट सवलतीच्या करारातच घालता येईल. कानपूरच्या आयुध निर्माणीनेही आपल्या रिव्हॉल्व्हरसाठी परवानाधारक कारागिरांना अवजारांचा संच आणि खोलण्याच्या क्रमाची सचित्र पुस्तिका द्यावी. ही निर्माणी सरकारी मालकीची आहे, तेव्हा सुरुवात तिथून करायला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही.